परवलीच्या शब्दाची बखर

गेल्या वैशाखात सुटीसाठी आमच्याकडे आलेल्या नातवाने एके दिवशी सकाळी, मी वर्तमानपत्र उघडीत असतानाच, माझ्यापुढे एक चिटोरे ठेवले. त्यावर इंग्रजी मोठी अक्षरे आणि आकडे मिळून बारा चिन्हे पेन्सिलीने लिहिलेली होती. "आजोबा, तुम्ही एकेक वाचा, मी टाकतो," एवढेच तो म्हणाला आणि हातातील फोनवर बोटे सरसावून बसला. फायलींचे क्रमांक वाचण्यात उभी हयात गेलेली असल्यामुळे काम अपरिचित नव्हते. तथापि सातव्या चिन्हापाशी अडलो. ते शून्य होते की 'ओ' हे अक्षर, हे लिहिणाऱ्यासही सांगता येईना. प्रथम शून्य घालून पाहिले, मग 'ओ' घालून पाहिले. दोन्ही वेळा पडद्यावर उत्तर एकच उमटले: हा कोड चुकीचा आहे किंवा त्याची मुदत संपलेली आहे. मुलाचा चेहरा उतरला. "रात्रीच टाकायला हवा होता," असे पुटपुटून तो उठून गेला.

मागाहून चौकशी केली तेव्हा प्रकार उलगडला. देशोदेशींचे लक्षावधी लोक एकाच वेळी, आपापल्या घरी बसून, आंतरजालावर जो खेळ खेळतात त्यात प्रत्येकाचे एक सोंग असते. त्या सोंगास पायऱ्या चढावयाच्या असतात, आणि शस्त्रे, वस्त्रे, वाहने मिळवावयाची असतात. हे सारे केवळ खेळून मिळवू म्हटले तर आठवडेच्या आठवडे जातात. मात्र खेळाचे मालक अधूनमधून असा एखादा अक्षरसमूह प्रसिद्ध करतात; जो तो मुदतीत भरील त्यास काही ना काही फुकट मिळते. त्या दिवशी मिळावयाचा होता तो एक अंगरखा. यास 'रिडीम कोड' म्हणतात आणि आजची मुले तो परवलीच्या शब्दासारखा जपतात, एकमेकांस कानात सांगतात, त्यासाठी रात्री जागतात.

पोरखेळ म्हणून मी तो विषय तेथेच सोडून दिला असता. परंतु ज्याचा जन्म कचेरीत गेला त्यास एक खोड लागलेली असते. कोणताही हुकूम हाती आला, की तो कोणाच्या सहीने निघाला, कशासाठी निघाला आणि त्यास मुदत का घातली हे पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नाही. या बारा चिन्हांच्या हुकुमाचे मूळ शोधीत गेलो तो जवळजवळ पन्नास वर्षे मागे, अमेरिकेतील केंटकी संस्थानातल्या एका प्रचंड गुहेच्या तोंडाशी जाऊन थांबलो.

विल क्राउथर हा संगणकाचा जाणता कारागीर. ज्या 'अर्पानेट'पासून पुढे आंतरजाल उदयास आले त्याच्या उभारणीत त्याचा हात होता. त्याला दुसरा नाद गुहा धुंडाळण्याचा, आणि केंटकीतील 'मॅमथ' गुहेच्या अंतर्भागाचे नकाशे करण्यात त्याने भाग घेतला होता. पत्नीशी फारकत झाल्यावर दुरावलेल्या दोन मुलींस रिझवावे म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने संगणकावर एक खेळ रचला. त्यात चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर गुहेचे वर्णन उमटावयाचे आणि खेळणाऱ्याने शब्द टंकून वाट काढावयाची. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स याने त्याचा विस्तार केला आणि 'अॅडव्हेंचर' या नावाने तो संगणक असतील तेथे पसरला. गुहेतील खजिना वेचून बाहेरच्या एका घरात आणून ठेवावयाचा, असा त्यातला उद्योग. वाट लांबची आणि अंधाराची. पण आत एका दालनाच्या भिंतीवर एक जादूचा शब्द लिहिलेला असे: एक्स, वाय, झेड, झेड, वाय. ज्याच्या तो नजरेस पडला त्याने तो टंकावा, की क्षणात तो त्या घरात. पुन्हा टंकावा, की परत गुहेत. लहानपणी 'तिळा तिळा दार उघड' ऐकलेल्या कोणासही यातली गंमत समजावून सांगण्याची गरज नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे आजच्या कोडाचा हा आदिपुरुष होय, आणि त्याचे दोन गुण ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. एक असा, की तो शब्द खेळाच्या आतच, भिंतीवर, सर्वांसाठी लिहिलेला होता. जो तेथवर पोचेल त्याचा तो. दुसरा असा, की त्यास मुदत नव्हती. आज तो जुना खेळ कोणी उघडला तरी तो शब्द चालतो.

हा एकट्याचा खेळ अनेकांचा झाला तो इंग्लंडात. कोल्चेस्टरजवळच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये 'मड' नावाचा खेळ लिहावयास घेतला आणि १९८० मध्ये तो रिचर्ड बार्टल या सहाध्यायाच्या हाती आला. एकाच काल्पनिक प्रदेशात अनेकांनी एका वेळी वावरावे ही आज सर्वसामान्य झालेली कल्पना येथे रुजली. बाहेरच्या लोकांस दूरध्वनीच्या तारेवरून त्यात शिरता येई, पण विद्यापीठाचे काम बंद असेल अशा अपरात्रीच. तेव्हा जागरणाची परंपराही तेवढीच जुनी आहे.

या खेळात पदांची उतरंड होती, आणि आपल्या वाचकांस ती आपल्या वेतनश्रेणीची आठवण करून दिल्यावाचून राहणार नाही. चारशे गुणांवर नवशिक्याचा योद्धा होई; पुढल्या प्रत्येक पदास गुण दुप्पट; आणि १,०२,४०० गुण झाले म्हणजे 'विझर्ड', अर्थात मांत्रिक. खजिना उचलून तेथल्या दलदलीत टाकला म्हणजे गुण पदरी पडत. मांत्रिक झालेल्यास मात्र गुण मिळवावयाचे उरत नसत; त्याला खेळावर सत्ता मिळे आणि धाकट्यांवर देखरेख करण्याचे काम अंगावर पडे. सचिवालयाच्या वरच्या मजल्यावर पोचलेल्या माणसाचे याहून वेगळे काय होते? पण त्या मजल्यावर जाण्यास 'मड'मध्ये गुप्त शब्द नव्हता. पायऱ्या सर्वांना सारख्या होत्या आणि चढण्यास लागणारा वेळच काय तो ज्याचा त्याचा.

पायऱ्या टाळून वर नेणारा असा एक शब्द जन्मास आला तो जपानात, आणि तोही विसरभोळेपणातून. १९८६ मध्ये कोनामी या कंपनीचा काझुहिसा हाशिमोतो हा 'ग्रेडियस' नावाचा खेळ दुकानातील मोठ्या यंत्रावरून घरगुती यंत्रावर आणीत होता. खेळ इतका कठीण की तो तपासण्यासाठी स्वतः त्यालाच तो शेवटपर्यंत खेळता येईना. म्हणून त्याने आपल्या सोयीसाठी एक खूण ठेवली: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, मग 'बी' आणि 'ए' ही बटणे. एवढे दाबले की सर्व शस्त्रे हजर. खेळ बाजारात गेला तेव्हा ती खूण काढावयाची राहून गेली. पुढे त्याच कंपनीच्या 'कॉन्ट्रा'मध्ये तीच खूण ठेवली गेली आणि तीन जिवांऐवजी तीस जीव मिळू लागले. नव्वदच्या दशकात टीव्हीस जोडावयाची स्वस्त यंत्रे आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत आली तेव्हा 'कॉन्ट्रा' घरोघर पोचला, आणि ज्यांची मुले त्या काळात वाढली त्यांनी ही खूण निदान ऐकलेली असेल. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारला. त्याच्या हातून पुसावयाची राहिलेली ती ओळ मात्र जगभर पाठ आहे.

येथे थोडे थांबून एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अशा खुणेस इंग्रजीत लबाडीचा शब्द म्हणत असले तरी ती लबाडी कोणाविरुद्ध होती? एकटा मुलगा आपल्या घरी तीस जीव घेऊन खेळला तर त्यात दुसऱ्या कोणाचे काही गेले नाही. पत्ते मांडून एकट्यानेच खेळताना पान चोरावे तसे ते. दुसरा माणूस समोर आला की मामला बदलतो. १९९३ साली अमेरिकेत निघालेल्या 'डूम' या खेळात हा भेद कारागिरांनी स्वतःच पाळला. एकट्याने खेळताना पाच अक्षरे टंकली की खेळाडू अवध्य होई. पण तोच खेळ तारेने जोडलेल्या यंत्रांवर दोघाचौघांनी मांडला की ती अक्षरे निर्जीव होत. ज्या क्षणी खेळ अनेकांचा झाला त्या क्षणी जुना परवलीचा शब्द मेला, असे म्हणावयास हरकत नाही. त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून निघणे मात्र अटळ होते, कारण लवकर वर जाण्याची इच्छा काही मेली नव्हती.

ती इच्छा मोकळी सुटली म्हणजे काय करते याचा सर्वांत मनोरंजक दाखला 'हॅबिटॅट' या खेळात आहे. ल्युकासफिल्म या चित्रपटसंस्थेच्या खेळविभागाने १९८६ च्या सुमारास तो अमेरिकेत चालू केला. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे रचनाकार; त्यांनी १९९० साली आपला अनुभव एका निबंधात इतक्या मोकळेपणाने सांगितला आहे की आमच्या खात्यांचे वार्षिक अहवाल तसे निघते तर वाचावेसे वाटते. त्या काल्पनिक गावात प्रत्येक नव्या रहिवाशास दोन हजार 'टोकन' मिळत आणि रोज हजेरी लावली की आणखी शंभर. वस्तू विकणारी यंत्रे होती, आणि वस्तू परत विकत घेणारीही होती. भावांत थोडी विविधता असावी म्हणून केलेल्या व्यवस्थेत एक गफलत झाली. गावाच्या एका टोकास एका यंत्रात बाहुली पंचाहत्तरांना मिळे, आणि दुसऱ्या टोकास ती शंभरांना घेतली जाई. स्फटिकाचा एक गोळा अठरा हजारांस मिळे आणि तीस हजारांस खपे.

एका रात्री काही जणांच्या हे लक्षात आले. होती नव्हती ती पुंजी काढून त्यांनी बाहुल्या घेतल्या, गाव ओलांडून त्या विकल्या, परत फिरले, पुन्हा घेतल्या. स्फटिकाच्या गोळ्याइतके पैसे साठेपर्यंत त्यांच्या खेपा चालल्या, आणि मग गोळ्यांच्या खेपा सुरू झाल्या. सकाळी रचनाकारांनी नेहमीप्रमाणे दैनिक गोषवारा पाहिला तो गावातील एकूण चलन एका रात्रीत पाचपट झालेले! त्या लोकांस विचारणा झाली तेव्हा त्यांनी साफ सांगितले, की पैसा सचोटीने कमावलेला आहे, आणि कसा कमावला ते सांगणार नाही.

मला येथे हिरकणीची आख्यायिका आठवते. गडाचे दरवाजे मावळतीला बंद झाले, तान्हे मूल खाली घरी, आणि गौळण जेथे चौकी नाही अशा कड्यावरून उतरून गेली. महाराजांनी, असे सांगतात, तिला शिक्षा केली नाही; तिचा मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला. 'हॅबिटॅट'च्या कारभाऱ्यांनीही भाव दुरुस्त केले आणि कमाई मात्र कमावणारांकडेच राहू दिली. त्या मंडळींनी ती पुढे सर्वांसाठी खजिन्याच्या शोधाचे डाव मांडण्यात खर्च केली. कड्याची वाट शोधणाऱ्याबद्दल गडकऱ्यास काही एक आदर वाटावा, असा तो काळ होता.

त्याच निबंधातील दुसरी हकीकत याहून बोलकी आहे. या मंडळींनी शंभर दालनांचे एक बेट उभारले. उभारणीस आठवडे लागले. त्यातले कोडे लोकांस कित्येक दिवस पुरेल असा त्यांचा होरा होता. एका गृहस्थास कळीचा दुवा पहिल्या पंधरा मिनिटांत सुचला आणि आठ तासांत बेट संपले. पुष्कळ लोक तर अजून बेटावर पोचलेही नव्हते. एकाच्या वेगाने दुसऱ्यांचा आनंद कसा हिरावला जातो, हे कारागिरांस त्या दिवशी कळले.

पुढची हकीकत बाजाराची आहे आणि ती थोडक्यात आटोपती घेतो. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आणि १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' हे विस्तीर्ण खेळ आले. ज्यांना वेळ नव्हता पण पैसा होता ते, ज्यांना वेळ होता पण पैसा नव्हता त्यांच्याकडून खेळातील सोने खऱ्या डॉलरांनी घेऊ लागले. २००१ मध्ये एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने 'एव्हरक्वेस्ट'मधील नॉरॅथ या काल्पनिक देशाचा ताळेबंद मांडला. दरमाणशी वार्षिक उत्पन्न २,२६६ डॉलर निघाले, म्हणजे रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यानचे. हसू आल्यावाचून राहत नाही, परंतु त्याच बाजाराची दुसरी बाजू हसण्यासारखी नाही. २००७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक पुरवणीत चीनमधील नानजिंग येथील तरुणांचे वर्णन आले. ते रोज रात्री बारा बारा तास 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळत, तेच ते राक्षस मारून तेच ते नाणे गोळा करीत, आणि ते कोठे तरी अमेरिकेत विकले जाई. तासाची मजुरी सुमारे तीस सेंट. एकाचा खेळ लवकर पुढे जावा म्हणून दुसऱ्याने खेळण्याची वेठ करावी, अशी ही गोष्ट; आणि खेळाच्या मालकांस त्यात दुःख एवढेच, की हा पैसा त्यांच्या गल्ल्यात येत नव्हता.

तो गल्ल्यात यावा अशी युक्ती दक्षिण कोरियाने काढली. २००१ च्या सुमारास नेक्सॉन या कंपनीने आपला एक खेळ वर्गणी न घेता फुकट खुला केला आणि आतल्या वस्तू तेवढ्या विकावयास ठेवल्या. हीच रीत पुढे सर्वत्र रूढ झाली, आणि आजच्या रिडीम कोडाचा दुसरा वंश येथे येऊन मिळतो. हा वंश गुहेतल्या जादूच्या शब्दाचा नसून वाण्याच्या चिठ्ठीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अटलांटा येथील एसा कँडलर याने कोकाकोलाचा एक पेला फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वाटावयास प्रारंभ केला. १८९४ ते १९१३ या काळात अशा सुमारे ८५ लक्ष पेल्यांचे वाटप झाले. पहिला पेला फुकट, दुसरा विकत. खेळवाल्यांनी हीच चिठ्ठी घेतली, तिजवर जादूच्या शब्दाचे कपडे चढविले, आणि मुलांस वाटले की आपणांस गुहेची भिंत सापडली!

ही चिठ्ठी किती उदार असते याचा एक हिशेब मी करून पाहिला. २०२० च्या सप्टेंबरात आलेला 'गेनशिन इम्पॅक्ट' हा चिनी खेळ घेऊ. दर सहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. तत्पूर्वी प्रसारणाचा एक कार्यक्रम होतो आणि त्यात तीन कोड दाखविले जातात. प्रत्येकाचे शंभर रत्न, एकूण तीनशे, आणि मुदत जेमतेम एका दिवसाची. आता या रत्नांनी करावयाचे काय? तर १६० रत्ने देऊन एक सोडत काढावयाची. उत्तम प्रतीचे पात्र निघण्याची मूळ शक्यता शेकडा ०.६, म्हणजे हजारात सहा. नव्वदाव्या सोडतीस मात्र ते हटकून मिळते, आणि तेही आपणांस हवे तेच असेल असे नाही. नव्वद सोडतींस १४,४०० रत्ने लागतात. केवळ कोडांवर विसंबणारास ती जमविण्यास अठ्ठेचाळीस आवृत्त्या, म्हणजे २८८ आठवडे, अर्थात साडेपाच वर्षे लागतील. उलट, जो रोज खेळातली चार नेमून दिलेली कामे मुकाट्याने करील त्यास दररोज साठ रत्ने मिळतात. तीन कोडांची भरपाई तो पाच दिवसांत करतो आणि १४,४०० चा पल्ला २४० दिवसांत गाठतो. लवकर पुढे जाण्याचा जो मार्ग म्हणून कोडाची ख्याती आहे तो असा नित्याच्या चाकरीहून आठपटीने मंद आहे.

मग मालक तो देतात कशाला? मुदतीत याचे उत्तर आहे. एक दिवसाची मुदत घातली की लक्षावधी माणसे त्या दिवशी, त्या वेळी, तो कार्यक्रम पाहावयास बसतात. एरवी जाहिरातीस कोण ठरल्या वेळी बसले आहे? 'रोब्लॉक्स'वरील पुष्कळ खेळांचे कर्ते तर उघडच सांगतात, की खेळास इतक्या हजारांनी पसंती दिली म्हणजे पुढचा कोड मिळेल. सिंगापूरच्या गरेना कंपनीचा 'फ्री फायर' आपल्या मुलांत फार चालला. त्याच्या कोडाच्या अटी वाचल्या तर पाहुणा म्हणून खेळणारास तो भरताच येत नाही. आधी खाते समाजमाध्यमाशी जोडावे लागते. म्हणजे चिठ्ठी घेण्यास नाव-गाव लिहून द्यावे लागते. यात बेकायदा असे काही नाही. पण ज्या शब्दाने एके काळी खेळणारास खेळावर सत्ता दिली त्याच शब्दाने आता खेळास खेळणारावर सत्ता मिळते, एवढा त्याच्या इतिहासात फरक पडला आहे.

सोडतीवर सरकारांनी लक्ष ठेविले ते ठीकच झाले. जपानने २०१२ मध्ये सोडतीतील वस्तूंचे संपूर्ण संच जमवावयास लावणारा प्रकार बंद केला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडावयाच्या अशा पेट्यांस जुगार ठरविले. कोरियाच्या व्यापार-आयोगाने २०२४ च्या जानेवारीत त्या नेक्सॉन कंपनीसच, 'मेपलस्टोरी' या खेळातील शक्यता ग्राहकांस न कळविता बदलल्याबद्दल सुमारे १,१६० कोटी वॉन दंड केला. काही फळे तर सोडतीतून निघणेच शक्य नव्हते, आणि लोक पैसे भरीत होते. आपल्याकडे २०२० च्या सप्टेंबरात 'पब्जी' आणि २०२२ च्या फेब्रुवारीत 'फ्री फायर' बंद झाले ते निराळ्या कारणांनी, राष्ट्रीय सुरक्षेच्या. आणि २०२५ च्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्यातील बंदी पैसे लावून खेळावयाच्या खेळांपुरती आहे. फुकटच्या चिठ्ठीस कोणताच कायदा लागू नाही, आणि बहुधा असूही नये.

चिठ्ठीच्या आडून चालणारी ठकबाजी मात्र निराळी. हवा तो कोड तयार करून देतो असे सांगणाऱ्या जागा आंतरजालावर असंख्य आहेत. त्या मुलाकडून त्याच्या खात्याचा गुप्त शब्द काढून घेतात, किंवा आईबापांच्या फोनवर आलेला आकडा. नातवास मी तोंडी उपदेश केला नाही. कागद घेऊन हिशेब मांडून दाखविला. सव्वीस अक्षरे आणि दहा आकडे मिळून छत्तीस चिन्हे, बारा स्थाने. छत्तीसाचा बारावा घात सुमारे ४७ हजार कोटी कोटी... येथवर आल्यावर तो हसू लागला, म्हणून भाषा बदलली. दर सेकंदास एक कोड भरून पाहणारा सर्व कोड संपवावयास पंधरा हजार कोटी वर्षे घेईल. त्यांतील एक लक्ष कोड खरे असले तरी त्यातला एक हाती लागण्यास सरासरीने पंधरा लक्ष वर्षे. "म्हणजे अंदाजानं बनवताच येत नाही," तो म्हणाला. मालकाने स्वतः जाहीर केलेल्या जागेखेरीज खरा कोड कोठेच नसतो, हे त्याचे त्यालाच पटले.

त्यावरून मी त्याला आपला मोक्षपट सांगितला. सापशिडीचा हा पूर्वज. त्याच्या घरांस सद्गुणांची व दुर्गुणांची नावे असत, आणि शिडी ज्या घरातून चढे त्या घरावर तिचे कारण लिहिलेले असे. लवकर वर जाण्याची सोय त्यातही होती, पण ती सर्वांस दिसे. "पण फासा पडला पाहिजे ना तसा?" त्याने विचारले. मुलगा हिशेबी आहे.

आमचा समज असा, की या पोराला पदाची हाव सुटली आहे. बार्टलने १९९६ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात अशा खेळांतील माणसांस त्याने पत्त्यांचे चार रंग वाटून दिले आहेत: गुण व खजिना मिळवू पाहणारे ते चौकट, कानाकोपरा धुंडाळणारे ते इस्पिक, इतरांस सतावण्यात सुख मानणारे ते किलवर, आणि खेळ हे केवळ निमित्त, खरे तर सोबतीसाठी आलेले, ते बदाम. नातवास मी मनात चौकट धरून ठेवले होते. त्याच्या बापाची सहा वर्षांत ही तिसरी बदली. जमशेदपुराहून रायपूर, रायपुराहून विशाखापट्टण. दर वेळी शाळा नवी, भाषा नवी, बाकावरचा सोबती नवा. बदलीच्या नोकरीतील घरांना हे सांगणे नको. जाण्याच्या आदल्या रात्री सहज विचारले, की त्या अंगरख्याचे एवढे काय होते? तेव्हा त्याने सांगितले, की जमशेदपूरच्या शाळेतले तिघे अजून रोज रात्री नऊ वाजता त्याच्याबरोबर खेळतात. चौघांची एक तुकडी आहे. तो अंगरखा तिघांनी रात्रीच घेतला होता. चौघांचा सारखा झाला असता.

चिटोऱ्यावरचा कोडही त्यांच्यापैकीच एकाने फोनवर सांगितलेला होता आणि याने तो घाईत लिहून घेतला होता. इतके दिवस मी त्याला वेळेची किंमत शिकविण्याच्या गोष्टी करीत होतो, त्या त्या रात्री केल्या नाहीत.

विशाखापट्टणास पोचल्याचा त्याचा फोन परवा आला. प्रवास, नवी वह्यापुस्तके, खालच्या मजल्यावरचे तेलुगू कुटुंब, सर्व सांगून झाल्यावर फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आजोबा, मी त्यांना विचारलं. ते शून्यच होतं."